लामारामावशींची बरणी

शस्त्रक्रियेच्या दिवशी लामारामावशी प्रयोगशाळेत कधी सापडायच्याच नाहीत. तिबिलिसीच्या क्षयाच्या इस्पितळात, शस्त्रक्रियेच्या दाराशी, निर्जंतुक मिठाच्या पाण्याची बरणी छातीशी धरून त्या उभ्या असत. कारण आत सिस्टर त्सियालाचा हात सवयीनं फॉर्मॅलिनकडेच जाई. फॉर्मॅलिनमध्ये कापलेल्या फुप्फुसाचा तुकडा पडला की जंतू मेले. मग वाढवायचं काय?

"थांब गं, बुडवशील!" त्या दिवशी त्या ओरडल्याच.

"मावशी, तीन महिने थुंकी स्वच्छ आहे त्याची. या चिंधीत काय शोधणार?"

"चोर अंगणात दिसत नाही, म्हणजे घरातही नाही होय?"

तुकडा काखेती प्रांतातल्या झाउरीच्या फुप्फुसातला होता. द्राक्षमळेवाला गडी. चार पावलं चालता येऊ लागल्यावर रोज प्रयोगशाळेच्या खिडकीशी यायचा. "सोडा की मला, मावशी! द्राक्षं थांबत नाहीत."

डॉक्टर त्याला जुन्याच गोळ्या देऊन सोडणार होते. त्या गोळ्या त्याच्या जंतूंना मारतात का, एवढंच मावशींना हवं होतं. तुकड्यात क्षयानं पाडलेल्या पोकळीची भिंत खरवडून, वाटून त्यांनी ती जंतू वाढवायच्या, अंड्याच्या हिरवट खाद्यावर पेरली; काही नळ्या साध्या, काहींत झाउरीचंच औषध.

चार आठवडे काही नाही. "आमलेट तरी करा त्याचं," त्सियाला हसली. झाउरीची सुटी सोमवारी ठरली.

शुक्रवारी सकाळी मावशींनी नळी उजेडाकडे धरली. फुलकोबीच्या तुऱ्यासारखे पिवळसर दाणे! दुसरी उचलली, औषधाची. तिच्यातही तेवढेच! नळ्या जागच्या जागी ठेवून, हात धुऊन त्या जिना उतरत सुटल्या, आणि चहा पिणाऱ्या डॉक्टरांची बाहीच धरली.

"उगवलंय! औषध पचवून उगवलंय! त्याच्या आत उरलेले जंतूही असलेच असतील. सोडू नका त्याला!"

डॉक्टर स्वतः वर आले, नळ्या पाहिल्या, दुपारी गोळ्या बदलल्या. सुटी रद्द.

झाउरी खिडकीशी आला तो तणतणत. "माझा हंगाम बुडाला आणि तुम्ही नाचताय?"

"नाचणारच! सोमवारी गेला असतास, तर पुढचे हंगाम कुणी पाहिले असते रे?"

मावशींनी आतून धरलेल्या नळीतले पिवळे दाणे त्यानं काचेला नाक लावून पाहिले.

"नव्या गोळ्या कडू आहेत?"

"फार."

"मग भावाला सांगतो, द्राक्षं इकडंच पाठव. पहिला घड तुमचा."