बेथनबाईंची शेवटची पाटी

सिंगापुरात बुकित पंजांगला लेकाकडे राहायला आलो तेव्हा वाटलं, इथं बोलायचं कुणाशी? तर आमच्याच ब्लॉकमध्ये तिसऱ्या मजल्यावर बेथनबाई भेटल्या. मूळच्या वेल्सच्या. वय अठ्ठ्याहत्तर, पायात रबरी चपला, नखांत रंग. मी चौथी पास, इंग्रजीचा गंध नाही. मध्ये दुभाषी आमची नात अवनी.

बाईंचे वडील खाणीत पाट्या फोडायचे. हो, आपण गिरवायचो तसल्याच काळ्या दगडाच्या. तिकडं त्या पाट्यांनी घरं शाकारतात. बाई चित्रकला शिकल्या, सव्विसाव्या वर्षी इथल्या शाळेत शिकवायला आल्या, इथल्याच एका चिनी मास्तरांशी लग्न केलं. मास्तर गेले. पोरं शिकवून उरलेल्या वेळात चाळीस वर्षं चित्रं काढली, दोनदा प्रदर्शनंही झाली. माहेरचं घर पाडलं तेव्हा छपराच्या वीस पाट्या बोटीनं मागवून घेतल्या. तेव्हापासून कॅनव्हास सुटला. आधी खडू, मग रंग, सगळं पाटीवर.

मी भेटलो तेव्हा एकच पाटी उरली होती, आणि बाईंची नजर झपाट्यानं जात होती. त्या पाटीवर त्यांना वडिलांचं चित्र काढायचं होतं. फोटो एकही नाही. तीन महिने आठवून आठवून त्यांनी चेहरा खडूनं उतरवला होता. हे मला कळलं ते नंतर.

एका रविवारी अवनीला घेऊन थालीपीठ द्यायला गेलो. माझा चष्मा वर घरीच राहिला होता. बाई चहा ठेवायला आत गेल्या, मागोमाग अवनी. टेबलावर पाटी, तिच्यावर पुसट रेघोट्या. आमच्या शाळेत न पुसलेली पाटी दिसली की गुरुजी कान पिळायचे. हात आपोआप गेला. थुंकी लावली, सदऱ्याच्या बाहीनं पुसली. लख्ख! वर खूशही झालो.

बाई बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या.

"आजोबा, तो त्यांचा डॅडी होता! व्हाय यू वाइप, ला!" अवनी इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडली आणि रडायलाच लागली.

मी हात जोडले. बाई ओल्या पाटीवरून नुसती बोटं फिरवत राहिल्या.

आठ दिवसांनी बोलावणं आलं. पाटीवर धुक्यातली चढण आणि खाणीकडे निघालेला टोपीवाला माणूस. पाठमोरा.

अवनी म्हणाली, "त्या म्हणतात, चेहरा पुन्हा नाही आला. पण लहानपणी रोज सकाळी खिडकीतून पाठच दिसायची. ती आली."

त्यानंतर बाईंनी ब्रश धरला नाही. दिसेनाच.

गेल्या महिन्यात कम्युनिटी क्लबात ते चित्र लावलं. कुणीतरी विचारलं, चेहरा का नाही? बाईंनी चाचपून माझा दंड धरला, मला पुढं केलं.

"आस्क मिस्टर गणपत."

अवनीला मध्ये घेऊन मी सगळं सांगितलं. थुंकीसकट.