मूळ आवाज बंद

दानिएलाने वेइताईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या गात नव्हत्या. गाणाऱ्यांच्या कपांत गरम पाणी ओतत होत्या. चीनमधल्या ल्यूचौ शहरात बुधवारी दुपारी कराओकेची खोली स्वस्तात मिळते, म्हणून बस डेपोतून निवृत्त झालेली सहा-सात माणसं तिथे जमत. संत्री, सूर्यफुलाच्या बिया, थर्मास, सगळं घरून आणत. दानिएला उरुग्वेहून शिकवायला आली आणि तिथेच रमली. वेइताईंची शेजारीण म्हणून तीही या गोतावळ्यात शिरली. गाणी लावायचं काम तिच्याकडे आलं.

वेइताईंनी एकतीस वर्षं बस चालवली होती. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज उरला तो फाटका. एका बुधवारी मात्र त्यांनी माइक मागितला. गाणं नावाडिणीचं, तरुणपणी त्यांच्या तोंडी असलेलं. दुसऱ्याच ओळीला आवाज चिरकला. जुने मेकॅनिक मंगदादा यांनी डोळ्यांनीच खूण केली, आणि दानिएलाने मूळ गायिकेचा आवाज लावायचं बटण दाबलं. तिथली रीतच ती. गाणारा अडखळला की मूळ आवाज लावून त्याची अब्रू झाकायची, आणि शेवटी जोरात टाळ्या वाजवायच्या.

वेइताईंनी माइक खाली घेतला. गायिका एकटीच गोड गात राहिली.

"कुणी लावलं हे?"

"मी, ताई."

"अहो, तुमचा गळा जपतोय आम्ही," मंगदादा म्हणाले.

"गळा माझा, मी बघेन. मी बस चालवताना तुम्ही कधी स्टिअरिंग धरलंत?"

"धरलं असतं तर पुलावरच उतरवलं असतं की तुम्ही मला!"

सगळे हसले, वेइताई नाही. "पहिल्यापासून लाव गं. अख्खं गाणं माझ्याच आवाजात म्हणणार मी. आज नाही जमलं तर पुढच्या बुधवारी."

त्या दिवशी जमलं नाही. पुढच्या बुधवारीही नाही. वरच्या सुराला नुसती हवा निघे आणि मंडळी खाली मान घालून बिया सोलत बसत. दानिएलाने गाण्याची पट्टी दोन पायऱ्या खाली आणून दिली. वेइताई रोज सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती एकच अवघड ओळ घोटत.

अकराव्या बुधवारी ती ओळ आली. आवाज थरथरला. मंगदादांचा हात सवयीने बटणाकडे गेला, तो दानिएलाने मनगटाशी धरला. "बसा, दादा."

वेइताईंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून त्या खरखरत, खालच्या सुरात, पण न थांबता शेवटच्या शब्दापर्यंत गेल्या.

"आवाज आहे की करवत!" मंगदादा म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते.

"करवत तर करवत. आता तुमचा नंबर. घ्या माइक."

वेइताई आता चौसष्ट वर्षांच्या आहेत. दर बुधवारी दोन गाणी म्हणतात, आणि डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून गुरुवारी फारसं बोलत नाहीत.