तुमच्या मावशीने परत आणलेला राजीनामा

तुमची आई तुम्हाला सांगते, मावशीची नोकरी गेली होती, पण आता सगळं ठीक आहे. मधलं काही सांगत नाही, कारण तिला ते ठाऊकच नाही. म्हणून मी, तुमची आजी, लिहून ठेवते आहे.

मावशी साकीनाक्याच्या एका गाळ्यात चौदा वर्षं कामाला होती. औषधांची खोकी छापून आली की ती तपासायची आणि खराब असतील ती बाजूला काढायची. गेल्या वर्षी शेठनी गाळा बंद करून काम वापीला न्यायचं ठरवलं. बायकांना म्हणाले, राजीनामे द्या, म्हणजे कागदावर ‘काढून टाकलं’ असं दिसणार नाही.

मला ते फार पटलं. आपल्या घरात कोणाला कधी कामावरून काढलेलं नव्हतं. मावशीचा राजीनामा मीच लिहिला, इंग्रजीत. वैयक्तिक कारणांमुळे, स्वेच्छेने वगैरे. शेवटी शेठचे आभारही मानले.

“आई, एवढं गोड लिहिलंयस की तो मला वापीला घेऊन जाईल,” मावशी म्हणाली. सोमवारी तिने तो दिला.

मंगळवारी मी तिच्या पगाराच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावायला घेतल्या. प्रत्येकीवर कामगार विम्याची कपात होती. हा विमा दवाखान्यापुरता असतो, अशी माझी समजूत. तरी म्हटलं, चौदा वर्षं पैसे भरले तर नियम तरी वाचावेत. कॉम्प्युटरवर वाचत गेले. काम सुटलं तर सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त नव्वद दिवस, आयुष्यात एकदाच. विमा किमान दोन वर्षांचा हवा, ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली हवी. सगळं बसत होतं. त्याखाली लिहिलं होतं, गैरवर्तनासाठी काढलेल्यांना, निवृत्त झालेल्यांना आणि स्वेच्छेने काम सोडणाऱ्यांना हे मिळणार नाही.

संध्याकाळी मावशीला ते वाचून दाखवलं.

“म्हणजे इज्जत सांभाळायला दीड महिन्याचा पगार घालवला आपण?”

“तू नाही, मी घालवला. उद्या मी येते, शेठशी बोलते.”

“तू नको गं. तू इंग्रजीत बोलशील, तो चहा मागवेल, आणि तू थँक्यू म्हणून परत येशील.”

रिक्षावाल्याकडे उरलेले सुटे मागायलासुद्धा कचरणारी ही मुलगी दुसऱ्या दिवशी एकटी गेली. पुढचं मला तिच्या मैत्रिणींनी सांगितलं.

शेठ म्हणाले, “अहो, दिलेला राजीनामा परत कसा देऊ?”

“कुलूप तुम्ही लावताय शेठ. मी उद्याही यायला तयार आहे. मग काम सोडलं कोणी?”

“मग काय, काढून टाकलं असं लिहू? बरं दिसतं का ते?”

“लिहा ना. गाळा बंद झाला म्हणून काढलं. खरंच आहे ते.”

आणि ती समोरच्या खुर्चीवर बसून राहिली. बाहेर बाकीच्या सहाजणींनी हातातली खोकी खाली ठेवली. शेवटची ऑर्डर त्याच संध्याकाळी जायची होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत राजीनामा परत मिळाला, आणि सातही जणींना गाळा बंद झाल्याचं पत्र मिळालं.

अर्ज तिने स्वतः भरला. प्रतिज्ञापत्र केलं, विम्याच्या ऑफिसात दोन खेपा घातल्या. रक्कम किती येईल याचा हिशेब आम्ही दोघींनी वेगवेगळा केला होता. मी शेवटच्या पगाराच्या निम्मे धरले, तिने सरासरी रोज काढला. पैसे खात्यात आले तेव्हा तिचा आकडा बरोबर निघाला. शाळेत गणितात जेमतेम पास होणारी माझी मुलगी! मी हरले आणि दिवसभर खुशीत होते.

त्या रविवारी सहाहीजणी आपल्या घाटकोपरच्या घरी कागद घेऊन आल्या. मी उत्साहाने चष्मा लावून बसले, पण मला कोणी काही विचारलंच नाही. सगळ्या मावशीकडे वळून बसल्या होत्या. ती एकेकीच्या चिठ्ठ्या बघत होती, वर्षं मोजत होती. एकीची दोन वर्षं भरायला चार महिने कमी पडत होते. तिच्या जागी मी असते तर ‘बघू या’ म्हणून वेळ मारून नेली असती. मावशी म्हणाली, “तुला नाही मिळणार गं. उगाच खेपा घालू नकोस. मुलुंडला एका ठिकाणी पॅकिंगला बायका हव्यात, उद्या मी जातेय, तूही चल.”

दोघी गेल्या, आणि दोघींनाही तिथे काम मिळालं.