पोकळ तंतू भरणाऱ्या आक्का

आमच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं राबलेल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे आक्का म्हणतात. काम ऐकायला सोपं. केसाएवढा काचेचा तंतू, आतून पोकळ. त्याचं एक टोक रक्तद्रवाच्या थेंबाला टेकवायचं, द्रव आपोआप आत चढतो. तो पलीकडे पोचला की दुसरं टोक यंत्राच्या वाटीतल्या पाण्यात ठेवायचं आणि आतून प्रकाश सोडायचा. आजाराची खूण असली तर द्रव चमकतो. जितकी चमक, तितका आकडा. एका थेंबात भागतं, म्हणून ज्यांच्या अंगातून जास्त रक्त काढायची सोय नाही अशांचे नमुने आमच्याकडे येतात.

माझं टेबल आक्कांच्या समोर. जिभेला माझ्या हाड नाही, साहेबांनाही तोंडावर सुनावते. आक्कांपुढे मात्र भिजलेली मांजर.

काम त्यांनीच शिकवलं. "द्रव पोचायच्या आधी दुसरं टोक बुडवू नकोस. हवेला बाहेर पडायला दार ठेव, बाई. नाहीतर ती मध्येच कोंडते आणि उजेड तिथंच अडतो."

दोन वर्षं त्यांचा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे. रात्रभर दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची आणि सकाळी आठला इथे हजर. त्या दिवशी डोळे लाल होते. चहाचा कप हातात तसाच गार झाला.

नमुना एका शिक्षिकेचा. औषध इतकं जहाल, की बाईंच्या पोटात काही ठरत नव्हतं. आकडा खाली आला तर ते बंद करायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. आक्कांनी एक टोक थेंबाला लावलं. क्षणभर पापण्या मिटल्या. उघडल्या, आणि द्रव अर्ध्यावर असतानाच त्यांनी दुसरं टोक वाटीत ठेवलं.

मी पाहिलं. शब्द ओठांवर आला होता. पण एकतीस वर्षांत ज्यांचा हात चुकला नाही, त्यांना मी काय सांगणार? गिळून टाकला.

आकडा अगदी तळाला. साहेब खुशीत म्हणाले, "सुटली बिचारी! कळवून टाकतो."

आक्का तंतू टाकायला उठल्या. सवयीने भिंगाखाली धरला आणि थबकल्या.

"साहेब, कळवू नका. माझ्या हातून घोळ झालाय. मध्ये हवा आहे."

"आक्का, त्या बाईंना पुन्हा सुई टोचायची?"

"टोचावी लागेल. माझी चूक म्हणून सांगा."

दुपारी दुसरा थेंब आला. आक्कांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. या वेळी तंतू मी भरला. आकडा चौपट आला. औषध चालू राहिलं.

साहेब गेल्यावर आक्कांनी विचारलं, "तू बघितलं होतंस ना?"

"हो."

"मग?"

"तुम्हाला कसं सांगू, आक्का?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या दमलेल्या होत्या. "एरवी सगळ्यांना बोलतेस की. मी भिंग धरलं नसतं, तर त्या बाईंचं औषध बंद झालं असतं." मग आपलं भिंग त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. "उद्यापासून तू भर, मी बघत बसते. तू चुकलीस तर मी ओरडेन."