विषयांकित यंत्राची सुनावणी

आमच्या घरातला कूलर संपूर्णपणे कायदेशीर मार्गाने घराबाहेर गेला. त्या कारवाईचा मसुदा मी स्वतः तपासून दिला होता.

तो कूलर म्हणजे माझा जीव! बावीस वर्षांपूर्वी पहिल्या पगारात महाल भागातल्या दुकानातून घेतला, सायकल-रिक्षात बसवला आणि मी स्वतः त्याच्या मागे चालत घरी आलो. जाड पत्र्याचा, छातीइतका उंच. सुरू झाला की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. (बायको म्हणते, त्याच्यामुळे घरात पाहुणे टिकत नाहीत. मला हा त्याचा दोष वाटत नाही!) मे महिन्यात त्या घरघरीत मला जी झोप लागायची, ती घरात दुसऱ्या कोणाला लागत नसे, हे मात्र खरं. दर उन्हाळ्यात बायको म्हणायची, "अहो, बदला आता हा." दर उन्हाळ्यात मी म्हणायचो, "बघू."

मी एका कचेरीत जाहीर सूचनांच्या टेबलावर बसतो. सूचना लिहायची, हरकतींसाठी सात दिवस द्यायचे आणि ती 'दर्शनी भागात' लावायची, एवढंच काम. आमचा सूचनाफलक जिन्याखाली एका मोडक्या कपाटामागे आहे. नियमात दर्शनी भाग म्हटलंय. दर्शन कोणाला घडावं, हे कुठे म्हटलंय? आठव्या दिवशी कोणी धापा टाकत आलाच, तर मी चष्मा पुसत सांगतो, "मुदत संपली. आता काही होत नाही."

आमची सानिका नववीत. तिच्या राज्यशास्त्राच्या मॅडमनी यंदा ठरवलं की कायदा पाठ करायचा नाही, करून पाहायचा. प्रत्येकाने एक खराखुरा निर्णय निवडायचा; मग त्याची जाहीर सूचना, हरकती, सुनावणी, आदेश, सगळं रीतसर. आणि आदेश निघाला की तो पाळायचा! मला हे कानावर आलं होतं, पण मी काही फार लक्ष दिलं नाही.

होळीच्या आधी एका संध्याकाळी मी टीव्हीवर मॅच पाहत होतो. सानिका वही घेऊन आली.

"बाबा, एक जुना कूलर भंगारात द्याचा आहे. त्याची नोटीस लिहून राहिली मी. पाहता काय?"

शाळेतलाच कूलर असणार, दुसरा कोणता! मी वही घेतली. 'हा कूलर फार आवाज करतो, म्हणून विकायचा आहे. कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत सांगावी.' मला हसूच आलं.

"अवं, असं लिहितेत काय? हे त कोणालेही समजन!"

"मंग समजू नये काय?"

"समजलं की हरकती येतेत. हरकती आल्या की काम वाढते. दे इकडे."

मी लाल पेन काढलं. 'कूलर' खोडून 'विषयांकित वायुशीतक यंत्र' केलं. 'आवाज'चं 'ध्वनिविषयक अनिष्ट परिणाम' झालं. 'विकायचा'च्या जागी 'निर्लेखित करून विल्हेवाट लावण्याचे प्रस्तावित आहे' असं घातलं. तेवढ्या वेळात समोर दोन विकेट पडल्या, तरी माझं लक्ष ढळलं नाही. शेवटी तो कूलर खुद्द त्याच्या मालकालाही ओळखू येऊ नये, इतका मजकूर पक्का झाला!

दुसऱ्या दिवशी ती सूचना फ्रिजवर, फाटकावर आणि न्हाणीघरातल्या आरशाशेजारी झळकली. पोरगी सराव करतेय, असं मी समजलो. सातही दिवस मी दाढी करताना ते 'विषयांकित' वाचत होतो आणि दर वेळी ऊर भरून येत होता. (एकदा त्या भरात मिशीचा कोपरा गेला.)

पाचव्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "बाबा, त्या यंत्राबद्दल तुमची काही हरकत आहे काय?"

"माही कायची हरकत, बेटा? असलं डबडं ठेवतेच कोण? आधी फेकाले पायजे!"

बायकोला जोरात ठसका लागला. सानिकाने शांतपणे एक कागद पुढे सरकवला आणि मी सही केली. वाचून सही करण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

होळी झाली. रविवारी सकाळी मी कूलरसाठी वाळ्याच्या नव्या ताट्या आणायला गेलो. परत आलो, तर बैठकीत सतरंजीवर सानिकाच्या वर्गातली सात-आठ पोरं आणि खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घातलेले शेजारचे भोयरकाका. कोपऱ्यात चादरीखाली काहीतरी उभं होतं.

"सुनावणी आहे, बाबा," सानिका म्हणाली. "तुम्ही जनतेत बसा."

मी ताट्या मांडीवर घेऊन जनतेत बसलो. एका पोराने सूचना खणखणीत आवाजात वाचली. आपलीच भाषा! सगळ्यात आधी टाळ्या मीच वाजवल्या. मग सानिकाने चादर ओढली.

"अरे बाप्पा! हा त आपला कूलर!"

"विषयांकित यंत्र," भोयरकाकांनी दुरुस्ती केली.

"माही हरकत आहे!"

काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत घातला. "मुदत संपली, प्रमोदभाऊ. आता काही होत नाही."

"पण काका, तुमच्या झोपाच्या खोलीची भिंत याले लागून आहे! तुम्ही कसे न्याय कराले बसले?"

"काय? जोरात बोला गा! बावीस वर्षं त्याच्या बाजूले झोपून एक कान गेला माहा!"

पोरं लोळायची बाकी राहिली. मी सानिकाकडे वळलो. सांगायला हरकत नाही, माझा आवाज जरा ओला झाला होता. "अवं, घरच्या घरी सांगाचं ना मले!"

"चार वर्षं झाले सांगून राहिली, बाबा. उन्हाळ्यात पुस्तक घेऊन बसली की मले त्या घरघरीत काही सुचत नाही. तुम्ही म्हणता, बघू. आता दहावी आली. काहून ऐकत नव्हते तुम्ही?"

मला तिचा रागही आला आणि त्या रागाच्या वर अभिमान आला. बापासमोर उभी राहून कार्टी नजर खाली घालत नव्हती. माझी सही असलेला कागद तिच्या हातात होता.

"अपील करता येते, बाबा," ती हळूच म्हणाली. "तीस दिवस आहेत."

"कोणाजवळ?"

"आईजवळ."

"फेटाळलं!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

दुपारी कबाडीवाला आला. कूलर हातगाडीवर चढवताना मीच एका बाजूने उचलला. जाता जाता त्याने माझ्या नव्या ताट्यांकडे पाहून विचारलं, "साहब, ये भी देना है क्या?" त्याही गेल्या. संध्याकाळी नवा प्लास्टिकचा कूलर आला. इतका सभ्य, की चालू आहे की नाही ते पाहायला दर वेळी त्याच्यासमोर हात धरावा लागतो. सानिकाला प्रकल्पात पैकीच्या पैकी गुण मिळाले. मॅडमनी शेरा दिला, 'सूचनेची भाषा अस्सल कार्यालयीन. एकाही वाक्याचा अर्थ लागला नाही.' तो मी कचेरीत सगळ्यांना दाखवला.

"आता तुमचा फलक तरी समोर आणा, बाबा," एवढंच तिने मागितलं. नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी शिपायाला हाताशी धरून मी ते मोडकं कपाट ओढलं. फलकावर धूळ, कोळिष्टकं आणि एक पिवळा पडलेला कागद. 'पदोन्नतीसाठी इच्छुक कर्मचाऱ्यांनी सात दिवसांत अर्ज सादर करावेत.' तारीख सहा वर्षांपूर्वीची. खाली सूचना लावणाऱ्याची सही होती.

माझी. आणि पदोन्नतीची सूचना कधी निघते, याची सहा वर्षं वाट पाहणाराही मीच. शुद्धलेखन मात्र बिनचूक होतं!