मातृभोजनाचं ताट

आमच्या सासरच्या माणसांना समुद्र बाधायचा तो फक्त माणसांच्या बाबतीत. वस्तूंचं त्यांना काही वाटत नसे. मोंबासाहून आम्ही आणलेला बिस्किटांचा डबा समुद्रावरूनच आला होता. मोठ्या भावजींसाठी ह्यांनी घेतलेलं लोकरीचं कापडही त्याच बोटीतून आलं होतं. डबा दुसऱ्या दिवशी रिकामा झाला. कापड तिसऱ्या दिवशी शिंप्याकडे गेलं. सोलापुरात, ऐन वैशाखात, लोकरीचा कोट! पण डब्याला आणि कापडाला प्रायश्चित्त नव्हतं. बाटलो होतो ते आम्ही.

हे मोंबासाला रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. लग्न झालं आणि सहा महिन्यांत मीही तिकडे गेले. दोन्ही मुलं तिथेच झाली, पत्र्याच्या छपराखाली. थोरला जन्मला तेव्हा मूल मांडीवर कसं धरायचं हेही मला माहीत नव्हतं. ना आई जवळ, ना सासू. शेजारची एक गुजराती बाई आणि आमच्याकडे कामाला येणारी तिथलीच एक आया, या दोघींनी मला शिकवलं. त्या आयेची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती, तरी तिनं हातात हात धरून मला मुलाला न्हाऊमाखू घालायला लावलं. पुढे थोरल्याला हिवतापानं गाठलं. त्याचं नाक दाबून मी कोयनेल पाजायची आणि तो माझ्याच अंगावर ओकायचा. मग परत पाजायची. त्या आजारात सासरहून एक पत्र आलं. त्यात प्रकृतीची चौकशी एका ओळीत होती आणि दोन पानं होती ती मुलाला संध्येचे संस्कार कसे मिळणार याच्या काळजीची. ते पत्र मी चुलीत घातलं.

मुलाला आठवं लागलं तसा भावजींनी धोशा लावला की मुंज सोलापुरातच झाली पाहिजे. मी लगेच हो म्हटलं, आणि ह्यांना नवल वाटलं. माझं कारण वेगळं होतं. मुंजीच्या दिवशी मातृभोजन असतं. सकाळी मुलगा आईच्या ताटात बसून जेवतो, आई त्याला भरवते, आणि तिथून पुढे तो ब्रह्मचारी. आईच्या ताटात पुन्हा जेवायचं नाही. ज्या पोराला मी एकटीनं परक्या मुलखात जगवलं, त्याला तो शेवटचा घास मला भरवायचा होता. होम करा, भिक्षावळ काढा, वाजंत्री लावा, तुमचं तुम्ही बघा. तेवढं एक ताट माझं.

बोटीत आमचं डेकचं तिकीट होतं. बारा दिवस ट्रंका आणि वळकट्यांच्या मध्ये, सोबत शेगडी. धाकटी अडीच वर्षांची, तिला बोट लागली. तिचं ओकलेलं लुगड्यानं पुसायचं, थोरल्याला कठड्यापासून ओढायचं आणि मध्येच भात उतरवायचा. हे एका सतरंजीवर बसून दुसऱ्या कारकुनांशी पगारवाढीच्या गप्पा मारत. पुरुष प्रवास करतात म्हणजे बसून राहतात, एवढंच मी बारा दिवसांत पाहिलं.

मुंबईहून गाडीनं निघालो. कुर्डुवाडीच्या पुढे थोरला खिडकीतून बघून म्हणाला, "आई, इथे सगळी झाडं कुणी तोडली?" मोंबासाला त्यानं नारळीशिवाय काही पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "इथे झाडं नसतात. इथे नुसते शहाणे लोक उगवतात." तो हसला. मलाही माझं बोलणं फार आवडलं.

ते शहाणे लोक दारातच उभे होते. आम्हाला ओसरीच्या पुढे येऊ दिलं नाही. भटजी तयार होते, वाटी तयार होती. गोमूत्र, शेण, दूध, दही, तूप. पंचगव्य घेतलं की माणूस शुद्ध. ह्यांनी डोळे मिटले आणि घटाघटा पिऊन टाकलं. मोंबासाला स्वराज्यावर भाषणं ठोकणारा माणूस! मुलांना दोष नाही असं भटजींनी पोथीत बघून सांगितलं, मुंज व्हायच्या आधी मुलाला सगळं माफ असतं. राहिले मी. मी म्हटलं, "मी घेणार नाही."

भावजी माझ्याशी थेट बोलत नसत. समोर मी उभी असताना ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "तिला सांग, मग तिचं पान मागच्या पडवीत."

महिनाभर मी मागच्या पडवीत जेवले. माझा तांब्या वेगळा, माझं ताट वेगळं, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. आणि हे ठरवणारे कोण, तर स्टेशनजवळच्या हॉटेलात बसून कपबशीनं चहा ढोसणारे आमचे भावजी. सगळ्या पेठेला ते ठाऊक होतं. भटजींनाही ठाऊक होतं, कारण शेजारच्या खुर्चीवर तेच असत. शुद्धीचं साहित्य आणून देणारी गवळण एकदा पडवीत टेकली आणि मला म्हणाली, "बाई, तुमच्या घरात दुदाच्या आदी गोमूत्राची चौकशी हुती की. मला तर लई हसू येतंय." त्या घरात मला पटलेली तेवढी एकच बाई.

जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं. माहेर करकंबचं, बार्शी आणि पंढरपूर सोडलं तर त्यांनी जग पाहिलेलं नव्हतं. मला विचारायच्या, "बोटीत चूल पेटवली की बोट जळत नाही का गं?" मी एवढं तोंड वाकडं करायची की त्या गप्प बसायच्या. माझ्या मते ती अगदीच भोळसट बाई होती. थोरला मात्र दिवसभर त्यांच्या मागे मागे. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर दही. काकूनं कालवून दिलं की पोरगं पातेलं पुसून खायचं. मी म्हणायची, खाऊ दे, महिन्याचा तर प्रश्न आहे.

दुपारी घर झोपलं की पडवीत आमचा खेळ चालायचा. मी मुलांना भावजींची नक्कल करून दाखवायची. पोट पुढे काढून, तर्जनी वर करून, "तिला सांग!" मग ह्यांची नक्कल, डोळे मिटून वाटी तोंडाला लावलेली. थोरला हसून हसून जमिनीवर लोळायचा.

"काका शेण खातात?" तो विचारायचा.

"खातात."

"बाबांनी पण खाल्लं?"

"बाबांनी तर पहिल्या दिवशीच खाल्लं. शेण खाणाऱ्यांच्या जवळ बसू नये, तोंडाला वास येतो."

"तू खाशील?"

"मी? मेले तरी नाही."

नाक कसं मुरडायचं तेही मी त्याला दाखवलं. एक नाकपुडी वर, ओठ खाली, मान जरा बाजूला. त्याला ते लगेच जमलं. मला त्याचा काय अभिमान वाटला!

मुंजीच्या आदल्या दिवशी भावजींनी ह्यांना सांगितलं की मातृभोजनाला जाऊबाई बसतील. आई नसली किंवा विटाळशी असली तर काकू-आत्या बसतातच, त्यातलंच हे. माझ्या अंगाची आग आग झाली. ह्यांना म्हटलं, "तुम्ही काही बोलणार आहात की नाही?" हे म्हणाले, "अगं, एक घोट तर आहे. घेऊन टाक ना." म्हणे घेऊन टाक! मी दिवसभर त्या माणसाशी बोलले नाही.

सकाळी मांडवात पाट मांडले. मधला पाट मुलाचा, बाजूला अष्टवर्गाची आठ मुलं, पानांत केळी, लाडू, वरणभात. जाऊबाई शालू नेसून पडवीत माझ्याकडे आल्या. डोळे भरलेले. म्हणाल्या, "मला नको गं तुझ्या जागेवर बसायला. तू घे ना ते. मी वेलदोडे सोलून ठेवलेत, वर लगेच तोंडात टाक." मी धाकटीचे केस विंचरत राहिले.

पण पडवीतून मला पाटावर बसलेला तो दिसत होता. मुंडावळ्या डोळ्यांवर आलेल्या, मान वळवून कुणाला तरी शोधत होता. मलाच, दुसरं कोणाला शोधणार? सगळा ताठा गळून गेला. मी मांडवात गेले आणि भटजींना म्हटलं, "आणा."

भावजींच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते बघूनही मी वाटी तोंडाला लावली. सगळ्यांच्या देखत. चव कशी होती ते सांगत नाही. जाऊबाईंनी वेलदोडे हातात दिले, ते मी तोंडात टाकले, तोंड धुतलं, आणि त्याच्याजवळ येऊन ताटापुढे बसले. भाताचा घास कालवला, वर तूप घेतलं, त्याच्या तोंडाशी नेला.

त्यानं तोंड उघडलं नाही.

"घे रे, बाळा."

त्यानं एक नाकपुडी वर केली, ओठ खाली ओढला, मान जरा बाजूला केली. आठही मुलांना ऐकू जाईल असं बोलला, "तू शेण खाल्लंस. मी तुझ्या ताटातलं नाही खाणार. तूच सांगितलं होतंस."

मी त्याला समजावलं, दटावलं, हळूच चिमटाही काढला. तो रडायला लागला, पण तोंड मिटलेलंच. मुहूर्ताची घाई झाली. भावजी ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "तिला सांग, जरा सरक." मी माझं ताट घेऊन सरकले. जाऊबाई दुसरं ताट घेऊन खाली मान घालून बसल्या. पहिला घास त्यांनी भरवला, तो त्यानं घेतला. दुसराही घेतला. मग रडणं थांबवून तो पोटभर जेवला, लाडूसकट.

माझं ताट तसंच पुढ्यात होतं. मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं. पण त्या माणसांपुढे रडायची माझी तयारी नव्हती, आणि अन्न टाकलं असतं तर तेही त्यांना महिनाभर बोलायला पुरलं असतं. म्हणून त्याच्यासाठी कालवलेला तो भात मी एकटीनं, शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.