मामांचा दुसरा प्रश्न

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमेरिकेतल्या ऑफिसात मतदारांचे आकडे जुळवत होतो. दुपारी पोटभर जेवले, जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत... त्याला आता महिना झाला. पण मामा आठवले की अजूनही आधी हसूच येतं.

शांताराममामा दौंडला रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर मामींसह शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या आमच्या गावी राहायला आले. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी एकाच पक्षाचे इच्छुक राज्याराज्यांत आपसांत लढतात, आणि कुणामागे किती लोक जमतील याचा अंदाज बांधणं ही माझी नोकरी, हे त्यांना फोनवर समजावलं तर म्हणाले, "म्हंजी तिकिटाची भांडणं."

एकदा सहा जण रिंगणात होते. आमच्या अंदाजात एक उद्योगपती सगळ्यांच्या पुढे होता. मामांनी विचारलं, बाकीचे गळाले तर त्यांची माणसं कुणाकडं जातील? ते आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. मग विचारून पाहिलं, तर उद्योगपतीचं नाव जवळजवळ कुणीच घेतलं नाही.

"मग तुझा गडी हाय तिथंच ऱ्हातोय. त्याला दुसरा म्हणणारं कुणी न्हाई."

हे त्यांना अनुभवानं कळलं होतं. सरपंच व्हायची त्यांना भारी हौस. अर्ज भरला, घरोघर गेले आणि मत मागून झाल्यावर प्रत्येकाला विचारत राहिले, मी नसतो तर कुणाला दिलं असतं? बहुतेकांनी शिवणकाम करणाऱ्या ताराबाईंचं नाव घेतलं. त्यांनीही अर्ज भरला होता. दोघंही उभे राहिले तर मतं फुटून तिसराच निवडून येणार, हे मामांना दिसलं. दोन दिवस ते घराघरांचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडत राहिले. तिसऱ्या दिवशी अर्ज मागे घेतला आणि ताराबाईंच्या प्रचाराला लागले. त्या निवडून आल्या. गुलाल मात्र मामांच्याच अंगावर जास्त होता.

तिकडे माझा उद्योगपतीही हरला. एकेक जण बाहेर पडत गेला आणि त्यांची माणसं एका शांत गृहस्थामागे गोळा झाली. मामांचं म्हणणं मी आधीच साहेबांच्या कानावर घातलं होतं. तुमचे मामा कुठल्या विद्यापीठात असतात, असं त्यांनी गंभीरपणे विचारलं.

गेल्या आठवड्यात गावी गेलो. ओट्यावरची त्यांची खुर्ची रिकामी दिसणार असं वाटलं होतं. खुर्चीत मामी बसल्या होत्या, भोवती चार बायका. पुन्हा निवडणूक लागली होती, आणि कुठल्या घरातलं मत कुणीकडं कललंय ते मामी सांगत होत्या.

"तुझ्या मामाला घराघरातली खबर कोण देत हुतं?" असं म्हणून मामींनी मला बसायला सांगितलं, आणि त्या पुढच्या आळीतल्या मतांकडे वळल्या.